न उडणाऱ्या विमानाचे वैद्य

विमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. वैमानिकाचे धाडस, हवाई युद्धातले पराक्रम, नव्या विमानांच्या किमती आणि वेग, यांवरचे लेख आवडीने वाचले जातात आणि ते योग्यच आहे. पण ज्या विमानाने जन्मात कधी जमीन सोडलेली नाही, ज्याला इंजिन नाही, पंख नाहीत, आणि तरीही ज्याच्यात तास न् तास घालवल्याखेरीज आजचा लढाऊ वैमानिक सहसा तयार होत नाही, त्या विमानाची आपल्याला फारशी ओळख नसते. आणि रोज पहाटे त्या विमानाची नाडी पाहणाऱ्या माणसांची तर मुळीच नसते.

मी मराठीचा अध्यापक. अलंकार आणि वृत्ते शिकवणाऱ्याने विमानविद्येत नाक का खुपसावे, असे वाचकांना वाटेल. त्याची कारणे दोन. पहिले कारण म्हणजे आमच्या सोसायटीत राहणारे नाना. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते वायुदलात गेले, तंत्रज्ञ म्हणून भरती झाले, आणि नोकरीची बरीच वर्षे त्यांनी वैमानिकांना शिकवणारी ही जमिनीवरची विमाने सांभाळण्यात काढली. संध्याकाळी बाकावर बसून त्यांच्याशी गप्पा मारता मारता मला या विषयाची गोडी लागली. दुसरे कारण असे की, ज्या यंत्रातून ही सारी विद्या वाढली ते यंत्र जन्माला आले ते विमानाच्या कारखान्यात नव्हे, तर चक्क बाजाच्या पेटीच्या भावंडांच्या कारखान्यात! संगीत नाटकाच्या ऑर्गनवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाने ही गोष्ट ऐकलीच पाहिजे.

या यंत्राला इंग्रजीत सिम्युलेटर म्हणतात. मी शब्दांचा धंदा करणारा, म्हणून नानांना म्हटले, “नाना, याला आपण ‘तालीमयान’ म्हणू या का?” नाना हसले. “म्हणा की सर. आम्ही नुसतं ‘सिम’ म्हणायचो. पण तालीम शब्द बरोबर आहे. नाटकाची रंगीत तालीम असते ना, तशीच ही. फरक एवढाच की, नाटकात चुकलं तर प्रेक्षक हसतात. इथं तालमीत चुकलं तर बरं, प्रयोगात चुकलं तर माणूस जातो.”

भात्यातून निघालेले विमान

उडायला शिकणे धोक्याचे आहे, म्हणून आधी जमिनीवर शिकावे, ही कल्पना विमानाइतकीच जुनी. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आँत्वानेत नावाच्या विमानासाठी एक गमतीदार साधन होते. लाकडी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवलेले, वरच्या भागात शिकाऊ वैमानिक, आणि बाजूला उभी राहून ते पिंप हातांनी डुलवणारी शिक्षक मंडळी. पिंप कलंडले की विद्यार्थ्याने चाके फिरवून ते सावरल्याचा अभ्यास करायचा. हल्ली आपल्याला हसू येते. पण त्या पिंपात कल्पनेचे बीज पुरते होते.

ते बीज रुजवले एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने. त्याचा जन्म १९०४ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहांत मोठमोठे ऑर्गन वाजत, आपोआप वाजणारे पियानो घरोघरी जात, आणि एडविन ते जुळवण्यात व दुरुस्त करण्यात तरबेज होता. वेड मात्र विमानाचे. १९२० साली त्याने पन्नास डॉलर मोजून विमानाचा पहिला धडा घेतला. वैमानिकाने त्याला आकाशात गिरक्या आणि कोलांट्या घालून आणले. पण दांड्याला हात काही लावू दिला नाही. पैसे गेले, शिकणे शून्य. गरिबाने मग विमान शिकायचे कसे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला.

उत्तर त्याच्या हाताशीच होते. ते म्हणजे भाता. आपल्या पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये उलट हवा आत ओढली जाते. लिंकने लाकडाचे एक छोटे, आखूड पंखांचे विमान बनवले आणि ते भात्यांवर बसवले. विद्यार्थ्याने दांडा डावीकडे नेला की झडप उघडते, पंप डाव्या भात्यातली हवा ओढून घेतो, तो भाता आक्रसतो, समोरचा फुगतो, आणि विमान डाव्या अंगावर कलते. दांडा पुढे, तर नाक खाली. मागे, तर नाक वर. स्वतःभोवती फिरवणारी मोटरही भात्यांचीच. कारखान्याच्या तळघरात दीड-दोन वर्षे खटपट करून त्याने हे यंत्र उभे केले आणि १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला.

आणि मग? मग काहीच नाही. उड्डाणाच्या शाळांनी ते खेळणे म्हणून नाकारले, आणि खेळणे म्हणूनच ते विकले गेले. जत्रेतल्या पाळण्यासारखे ते करमणुकीच्या बागांतून ठेवले गेले. नाणे टाका, विमानात बसा! ज्या यंत्राने पुढे लाखो वैमानिक शिकवले, त्याने आयुष्याची सुरुवात फिरत्या घोड्यांच्या शेजारी केली.

कानाचा दगा

हे खेळणे शाळेत कसे आले, हे समजण्यासाठी आपल्या कानाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शरीराचा तोल आपल्याला कळतो तो मुख्यतः डोळ्यांनी आणि कानाच्या आतल्या भागातील सूक्ष्म नळ्यांनी. त्या नळ्यांत द्रव असतो. डोके फिरले की तो मागे राहतो आणि मेंदूला वळल्याची वर्दी जाते. पण वळण संथ असेल, किंवा एकसारखे चालू राहिले, तर द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वर्दी बंद पडते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही. विमान हळूहळू कलून घिरट्या घालत खाली चाललेले असते आणि त्याचे शरीर त्याला सांगत असते की, सारे काही सरळ आहे. समोरचे यंत्र खरे सांगते आणि स्वतःचे शरीर खोटे. अशा वेळी यंत्रावर विश्वास ठेवणे हे शौर्याहून अवघड काम आहे, आणि ते आपोआप येत नाही, शिकावे लागते.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या खोपटीत बसून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडवून परत उतरवले. ही विद्या शक्य आहे हे त्याने दाखवले. पण ती सैन्याच्या सर्व वैमानिकांना शिकवली गेली नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने खाजगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द करून हवाई टपाल सैन्याच्या गळ्यात घातले. थंडी, धुके, रात्र; आणि सैन्याच्या तरुण वैमानिकांना डोळस उड्डाणाचीच सवय. अडीच-तीन महिन्यांत डझनभर वैमानिक मेले. देशात हाहाकार झाला.

तेव्हा सैन्याला बिंगहॅम्टनच्या त्या खेळण्याची आठवण झाली. अधिकारी नेवार्क येथे जमले. हवा इतकी वाईट होती की, लिंक येणारच नाही असे त्यांनी गृहीत धरले होते. लिंक मात्र आपल्या यंत्रावर शिकलेल्या विद्येच्या जोरावर त्याच धुक्यातून विमान घेऊन आला आणि उतरला. यापुढे व्याख्यानाची गरजच उरली नाही. १९३४ च्या जून महिन्यात सैन्याने प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर देऊन सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि पाच लाखांहून अधिक वैमानिक त्यांवर तयार झाले. निळ्या रंगामुळे सैनिक त्याला ‘निळी पेटी’ म्हणत. पेटीवाल्याच्या मुलाने केलेल्या यंत्राला याहून शोभणारे नाव कोणते?

पेटी सांभाळणारे हात

विद्यार्थी त्या पेटीत शिरला की वरून झाकण बंद होई. आत काळोख आणि चमकणाऱ्या तबकड्या. बाहेर टेबलावर काचेखाली नकाशा, आणि त्या काचेवर तीन चाकांचा एक छोटा गाडा. त्याला ‘खेकडा’ म्हणत. विद्यार्थी आत जसे विमान ‘उडवील’ तसा हा खेकडा बाहेर शाईची रेघ ओढीत जाई. तास संपला की मार्गाचा सारा कच्चा हिशेब कागदावर तयार! शिक्षक कानाला यंत्र लावून सूचना देई, वारा बदलून दाखवी, वादळी हवेचे हिसके देई. अमेरिकन नौदलात हे शिक्षकाचे काम पुष्कळदा स्त्रियांनी केले. अटलांटा येथे त्यांच्यासाठी शाळाच होती. ब्रिटन आणि कॅनडा येथेही वायुदलातल्या स्त्रियांनी हे काम सांभाळले. ज्यांना लढाऊ विमानात बसण्याची मुभा नव्हती, त्यांनी लढाईला जाणाऱ्यांना अंधारात वाट काढायला शिकवले.

पण आपला विषय त्या पेटीची निगा राखणाऱ्यांचा आहे. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला भात्याची दुखणी ठाऊक असतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, कापडाला चीर जाते, डिंक सुटतो, झडपेखालचे मऊ अस्तर झिजते, आणि मग सूर लावायला गेले की पेटी नुसती धापा टाकते. निळ्या पेटीची दुखणी याच जातीची. एका भात्याला बारीक भोक पडले की विमान एका अंगाला आळशीपणे कले. पण एक मोठा फरक आहे. पेटी बेसूर झाली तर गवयाला तत्काळ कळते. निळी पेटी बेसूर झाली तर आत बसलेल्या विद्यार्थ्याला ते कळायला मार्ग नाही! तो समजतो, विमान असेच वागते. तो त्या बेसुरालाच सूर मानून शिकतो आणि तोच सूर घेऊन खऱ्या आकाशात जातो. या एका गोष्टीमुळे तिच्या दुरुस्तीच्या कामाचे मोल साऱ्या जगावेगळे आहे.

ब्रिटनमध्येही असेच घडले. सिलॉथ या तळावर आइल्स नावाच्या अधिकाऱ्याने सगळ्या विमानचमूला एकत्र शिकवण्याचे यंत्र युद्धाच्या सुरुवातीस उभे केले, आणि त्यातही आपोआप वाजणाऱ्या पियानोची हवेवर चालणारी यंत्रणा वापरली. वाद्य आणि विमान यांचे नाते दोन्ही देशांत निरनिराळ्या माणसांना सुचावे, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

दिव्यांची परीक्षा

युद्ध संपता संपता भात्यांचे युग मागे पडू लागले. १९४४ साली अमेरिकन नौदलाच्या सांगण्यावरून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एक नवे काम सुरू झाले. विमान कसे वागेल याचे गणित विजेच्या यंत्राने तत्क्षणी सोडवायचे आणि त्याबरहुकूम वैमानिकाची खोपटी हलवायची. प्रमुख होता जे फॉरेस्टर हा तरुण अभियंता. काम करता करता त्याच्या ध्यानात आले की, यासाठी अंकांवर चालणारा अतिशय वेगवान संगणकच हवा. तो त्याने बांधला. त्याचे नाव ‘व्हर्लविंड’, म्हणजे वावटळ. वैमानिक शिकवणारे यंत्र बाजूलाच राहिले आणि जगाला तत्काळ उत्तर देणारा संगणक मिळाला.

या वावटळीत हजारो व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांतली एखादी केव्हा दगा देईल याचा नेम नाही. तेव्हा तिथल्या माणसांनी एक युक्ती काढली. रोज काम सुरू होण्यापूर्वी विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करून यंत्राला थोडे छळायचे. जी ट्यूब अशक्त झाली असेल ती या छळात उघडी पडते. ती तेव्हाच बदलायची. म्हणजे काम चालू असताना ती मरणार नाही. मी हे नानांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “बरोबर. रोग झाल्यावर औषध देणारा साधा वैद्य. रोग होण्याआधी नाडीवर ओळखणारा खरा.”

साठ आणि सत्तरच्या दशकांत दृश्य दाखवण्याची आणखी एक तऱ्हा होती. भल्यामोठ्या फळीवर डोंगर, नद्या, शेते, धावपट्टी यांचा हुबेहूब छोटा देखावा रचायचा, त्यावर दिव्यांचा लखलखाट करायचा आणि वैमानिकाच्या हाताबरहुकूम एक टेलिव्हिजन कॅमेरा त्या देखाव्यावरून फिरवायचा. कॅमेऱ्यात दिसेल ते वैमानिकाच्या काचेवर. आता हिशेब करा. देखावा दोन हजारपट लहान असेल, तर त्यावर बसलेले एक सेंटीमीटरचे झुरळ वैमानिकाला वीस मीटर लांबीचे दिसेल! तेव्हा अशा ठिकाणी झाडलोट हेसुद्धा विमानविद्येचे अंग होते. दिवे बदलणे, धूळ टिपणे, उखडलेले झाड पुन्हा चिकटवणे, ही कामे करणारा माणूस एका परीने त्या छोट्या पृथ्वीचा पालनकर्ताच होता.

पुढे देखावे संगणकच काढू लागला. खोपटी हलवण्यासाठी सहा पायांचा मंच आला. डनलॉप कंपनीत गफ नावाच्या अभियंत्याने मोटारीच्या टायरांची परीक्षा घेण्यासाठी तशी रचना केली होती. १९६५ साली स्ट्युअर्ट याने विमानशिक्षणासाठी अशा मंचाची कल्पना मांडली. सहा पाय लांब-आखूड होतात आणि वरची खोपटी हवी तशी कलते, उचलते, सरकते. या मंचाची एक खुबी सांगण्यासारखी आहे. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा पाठ आसनात रुतते. खोलीत उभा असलेला मंच धावणार कोठे? तो हळूच मागे कलतो आणि समोरचा देखावा मात्र सरळच राहतो. कान फसतो, कलण्याला तो वेग समजतो. कानाची हीच चूक रात्रीच्या काळोखात खऱ्या विमानात जीव घेते. तेथे वेगाला तो चढण समजतो, आणि वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो. जो दगा आकाशात मारतो, त्याच दग्याला कामाला लावून जमिनीवर शिकवायचे! लढाऊ विमानांच्या तालीमयानांत पुष्कळदा हा मंच नसतोच. तेथे चहूबाजूंनी देखावा दाखवणारा घुमट असतो, आणि आसनच दाबून-सोडून वैमानिकाला वळणाचा भार जाणवून देते.

नानांची वही

नानांचा दिवस वैमानिकांच्या दीड-दोन तास आधी सुरू होई. यंत्र चालू करायचे, ते तापू द्यायचे, मग ठरलेल्या यादीप्रमाणे एकेक गोष्ट पाहायची. दांडा ठरलेल्या जोरानेच हलतो का. सोडल्यावर जागेवर येतो का. तबकड्या खरे आकडे दाखवतात का. देखाव्याचे तुकडे एकमेकांना जुळतात का. तेल कोठे झिरपते का. दार अडकले तर आतल्या माणसाला बाहेर काढण्याची सोय चालते का. सारे ठीक असेल तर वहीत सही. वैमानिकाला काही खटकले तर तो त्याच वहीत लिहितो. वायुदलाच्या भाषेत त्याला ‘स्नॅग’ म्हणतात. तो निघाला, कसा काढला, कोणी काढला, हे लिहून पुन्हा सही. “सही म्हणजे काय सर,” नाना म्हणाले, “आपण सांगतो की हे सोंग आज खरं आहे.”

सोंग खरे असणे ही मोठी नाजूक गोष्ट आहे. दांडा हलवल्यापासून देखावा हलेपर्यंत क्षणाचा उशीर झाला, सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका जरी झाला, तरी वैमानिकाचा हात गोंधळतो. तो जास्त सावरतो, मग उलट सावरतो, आणि विमान डोलू लागते. डोळा म्हणतो हललो, कान म्हणतो नाही हललो, आणि मळमळू लागते. तालीमयानातल्या या मळमळीची नोंद १९५७ साली अमेरिकन नौदलाच्या एका हेलिकॉप्टर-शिक्षणयंत्राच्या निमित्ताने झाली. त्यात आश्चर्य असे की, नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या वैमानिकांनाच तिचा त्रास जास्त झाला. कारण खरे विमान त्यांच्या अंगात भिनलेले होते, आणि खोट्याचे खोटेपण त्यांच्या अंगाला कळत होते. म्हणून जाणता वैमानिक ‘आज काही तरी वेगळे वाटते’ म्हणाला, तर तंत्रज्ञाने ते हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी नाजूक गोष्ट बिघाडांची. शिक्षक मुद्दाम बिघाड घडवतो. इंजिनाला आग लाव, तेलाचा दाब घालव, चाक खाली येऊ देऊ नकोस. वैमानिकाने न डगमगता योग्य क्रमाने उपाय करायचे. पण यंत्राचा स्वतःचा खराखुरा बिघाड मध्येच उपटला तर? आत बसलेल्याला वाटते हीसुद्धा परीक्षाच आहे. तो नसलेल्या रोगावर उपाय करीत बसतो. मागाहून त्याला कळते की यंत्रच बिघडले होते. असे दोन-चारदा झाले की तो पुढच्या खऱ्या परीक्षेलाही ‘यंत्र बिघडले असेल’ म्हणू लागतो. विश्वास उडाला की ते यंत्र पुन्हा करमणुकीच्या बागेतले खेळणे झाले!

नानांनी एक प्रसंग सांगितला. तळाचे आणि विमानाचे नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तालमी जोरात चालू होत्या, रोजचे वेळापत्रक भरलेले होते, आणि सारे वैमानिक उत्तम गुण मिळवीत होते. वहीत आठवडाभर एकही तक्रार नव्हती. नानांना हेच खटकले. त्यांनी दुपारच्या सुटीत ताणकाटा लावून दांड्याचा जोर मोजला. तो ठरल्यापेक्षा हलका भरला. फार नव्हे, पण हलका. खऱ्या विमानात नाक उचलायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोराची सवय पोरांच्या मनगटाला लागत होती. नानांनी वहीत लिहिले आणि यंत्र बंद ठेवण्याची शिफारस केली. वरिष्ठ रागावले. तालमी अडणार, वेळापत्रक कोसळणार, आणि तक्रार तर कोणाचीच नाही. “मी म्हटलं, साहेब, त्यांना सोपं जातंय म्हणून ते तक्रार करीत नाहीत. सोपं जातंय हीच तक्रार आहे.” यंत्र दीड दिवस बंद राहिले. सुटा भाग बदलला, जोर पुन्हा मोजला, नानांनी सही केली.

“पुढं काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. काहीच झालं नाही. आमच्या कामाचं बक्षीस हेच, की काही होत नाही.”

मी पंचवीस-तीस विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे रोज उभा राहतो. सोप्या प्रश्नपत्रिकेविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नानांचे ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

खऱ्याच्या मागोमाग

तिसरी गोष्ट बदलाची. खरे विमान बदलत राहते. नवा रेडिओ बसतो, एक कळ डावीकडून उजवीकडे जाते, संगणकाची नवी आज्ञावली येते. तालीमयानाने त्याच्या मागोमाग बदललेच पाहिजे. तसे झाले नाही तर वैमानिकाचा हात घाईच्या क्षणी जुन्या जागी जातो, आणि तेथे आता वेगळीच कळ असते. न शिकलेला माणूस निदान विचार तरी करतो. चुकीचे शिकलेला विचारही करीत नाही, त्याचा हात आधी जातो. म्हणून नकाशे, याद्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदी हे कागदी वाटणारे काम पान्याइतकेच महत्त्वाचे.

आपल्या देशाने या शिक्षणाची किंमत जवळून पाहिली आहे. १९६३ साली आलेले मिग-२१ आपल्या वायुदलाने २०२५ च्या सप्टेंबरात निरोप देईपर्यंत वापरले. त्याने देशाची मोठी सेवा केली. पण अपघातही पुष्कळ पाहिले. त्याच्या कारणांत एक कारण वारंवार सांगितले गेले, ते असे की, संथ शिकाऊ जेटवरून तरुण वैमानिक एकदम या अतिवेगवान विमानाकडे जात, मधली पायरीच नव्हती. प्रगत शिकाऊ जेट हवे ही मागणी ऐंशीच्या दशकापासून होती. हॉक विमानांचा करार २००४ साली झाला आणि २००८ साली ती बिदरच्या तळावर दाखल झाली. त्यांच्या जोडीला तालीमयानेही आली. मधली पायरी बांधायला इतकी वर्षे का लागली, याची चर्चा इतरांनी केली आहे. पायरीचे मोल काय, एवढेच येथे ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ तालीमयान आले की विमानाची गरज संपली, असा नव्हे. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. तालीमयानाला एक सोंग असे आणता येत नाही, ते म्हणजे मरणाच्या भीतीचे. आत बसलेल्याला ठाऊक असते की दार उघडले की बाहेर चहा आहे. म्हणून आकाशातले तास लागतातच. पण इंजिनाला आग लागल्यावर काय करायचे, हे खऱ्या विमानाला आग लावून शिकवता येत नाही. ते सोंगातच शिकावे लागते, आणि सोंग इतके खरे असावे लागते की, हात घाबरलेल्या मनाची वाट न पाहता आपले काम करील.

एडविन लिंक १९८१ साली वारला. त्याच्या यंत्राचे भाते आज संग्रहालयांतून ठेवलेले आहेत. भात्याच्या जागी ट्यूब आल्या, ट्यूबच्या जागी संगणक आले, तेलाच्या पायांच्या जागी विजेचे पाय येत आहेत. सकाळी सर्वांच्या आधी येऊन, दांडा हातात धरून, डोळे मिटून, ‘हे बरोबर वाटते का’ असे स्वतःला विचारणारा माणूस तेवढा बदललेला नाही.

नाना सांगत होते, खंडेनवमीला तळावर शस्त्रांची आणि विमानांची पूजा होई. खऱ्या विमानांना झेंडूचे मोठमोठे हार पडत, फोटो निघत. त्यांच्या खोलीकडे कोणी फिरकत नसे. कारण तेथे पूजेजोगे विमान आहे हे कोणाच्या ध्यानातच नसे. मग नाना एक झेंडूचे फूल आणीत. यंत्रावर ठेवता येत नसे, पाकळ्या आत पडतील म्हणून. ते फूल ते वहीवर ठेवीत आणि पूजा झाली की ती वही उघडून त्या दिवसाची पहिली नोंद करीत: तपासले. ठीक आहे. वापरण्यास योग्य.